साडेसातला आया सांगायची

सूर्यमाळच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर माझी शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक झाली, तेव्हा मला दुसरं काही येवो न येवो, मराठी पक्की येते असा माझा समज होता. जव्हारला आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर रेडिओ लागायचा. वडील पंचायत समितीत कारकून. बातम्या वाचणाऱ्याने एखादा शब्द चुकीचा उच्चारला की ते कप खाली ठेवायचे आणि तोच शब्द बरोबर म्हणून दाखवायचे. संध्याकाळी नभोनाट्य असलं तर घरात कोणी भांडी वाजवायची नाहीत. अशा घरात वाढल्यामुळे माझी वाणी स्वच्छ होती, शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली होती, आणि त्याचा मला थोडा नाही, चांगला ताठा होता.

पाड्यावरची पहिली-दुसरीची सतरा मुलं माझ्यापुढे बसली आणि तो ताठा पंधरा दिवसांत उतरला. मी बोलायची, मुलं माझ्या तोंडाकडे बघायची. न लाजता, न हसता, नुसती बघायची, जसं आपण एखाद्या पाखराच्या चोचीकडे बघतो. त्यांच्या घरी वेगळी बोली. माझं मराठी त्यांच्या कानांवर पडून खाली सांडत होतं. पंधरा दिवसांत एका मुलीने माझ्याशी काही बोलायचा प्रयत्न केला, तोही बाहेर जायची परवानगी मागायला, आणि तोही करंगळी दाखवून.

एसटी खालच्या फाट्यापर्यंतच यायची. पुढे ओढा आणि चढण. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत मी पाड्यावरच राहायची. एका घराच्या पडवीत कारवीच्या काठ्यांचा कूड घालून माझ्यासाठी खोली केली होती. त्या घराची मालकीण साठीच्या आसपासची, बारीक, काटक. सगळा पाडा तिला ‘आया’ म्हणायचा. आया म्हणजे आई. पहिले काही दिवस मी तिला ‘अहो आया, तुम्ही’ करत होते. ती हसून आजूबाजूला बघायची, जणू मी तिच्या मागे उभ्या असलेल्या कोणाशी बोलते आहे. मग मीही ‘आया, तू’ म्हणायला लागले.

आयाच्या घरात टीव्ही होता. पाड्यावर तेव्हा तो एकच. तिचा मुलगा नाशकाकडे एका कारखान्यात कामाला होता, त्याने आणून दिलेला. छपरावर छत्री, आत भिंतीला फळी ठोकून त्यावर टीव्ही आणि शेजारी छत्रीचा सेट-टॉप डबा. वीज असली की संध्याकाळी साडेसातला एक मराठी मालिका लागायची. मोठा बंगला, त्यात एक सोशिक सून, एक कपटी सासू आणि परदेशी गेलेला नवरा. आमच्या जव्हारच्या घरीही आई हीच मालिका बघायची, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी ते संगीत कानावर पडलं तेव्हा मला अगदी घरी आल्यासारखं झालं. मी पडवीतून आत गेले.

आत पंचवीसएक माणसं जमिनीवर बसली होती. बायका, म्हातारे, मांडीवर मुलं. मला वाटलं, आया सगळ्यांत पुढे बसली असेल. ती पुढेच होती, पण टीव्हीकडे पाठ अर्धी वळवून, भिंतीला टेकून, लोकांकडे तोंड करून. पडद्याकडे ती मान तिरकी करून बघायची आणि लगेच लोकांकडे वळून बोलायची. पडद्यावरची सासू एक वाक्य म्हणाली की आया दोन म्हणायची. सून रडली की आया रडायची नाही, पण तिचा आवाज खाली जायचा. ती सगळी मालिका पाड्याच्या बोलीत सांगत होती.

मला काहीच ऐकू येईना. दिवसभर मुलांपुढे हरून आले होते, निदान घरची मालिका तरी नीट बघावी असं वाटत होतं. मी म्हटलं, “आया, जरा हळू बोलतेस का? संवाद ऐकू येत नाहीत.”

आया लगेच गप्प झाली. माझ्याबद्दल तिच्या मनात जरासुद्धा राग नव्हता. शाळेच्या बाईंनी सांगितलं, म्हणजे गप्प बसायचं, एवढंच. मालिका चालू राहिली. बंगल्यात कोणीतरी कोणाला तरी खूप काही सुनावत होतं. मी ऐकत होते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ऐकणारी मी एकटीच आहे. पंचवीस माणसं आयाकडे बघत होती. पुढच्या रांगेत एक म्हातारबाबा होते. खांद्यावर टॉवेल, हातात काठी, कपाळाला कायमची आठी. ते काठीवर जोर देऊन उठले.

“मग आमी कशाला बसायचं?” ते माझ्याकडे न बघता म्हणाले आणि दाराकडे निघाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “बाबा, बसा. आया, तू बोल. चुकलं माझं.”

आयाने एकदा माझ्याकडे पाहिलं, बाबांना हाताने बसायची खूण केली आणि मधल्या पाच मिनिटांत काय झालं ते आधी सांगितलं. मग पुढे चालू.

त्यानंतर मी मालिका ऐकणं सोडलं आणि आयाला ऐकायला लागले. बोली मला सुरुवातीला कळत नव्हती, पण गोष्ट माहीत असल्यामुळे कळायला लागली. आणि जसजशी कळायला लागली तसतशी मी चकित होत गेले. एके दिवशी सासूने बंगल्याचे कागद चोरून आपल्या कपाटात लपवले. आयाने सांगितलं, सासूने घरातलं बियाणं चोरलं आणि सुनेने विकलं म्हणून आळ घेतला. लोकांमधून असा आवाज निघाला की छपरावरचं पाखरू उडावं. एका बाईने तर सासूला शिवी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आया चुलीपाशी नागलीची भाकरी थापत होती तेव्हा मी विचारलं, “आया, ते तर बंगल्याचे कागद होते. तू बियाणं का म्हणालीस?”

“कागद चोरीला गेला तर कोणाच्या पोटात दुखतं?” ती भाकरी उलटत म्हणाली. “ह्या घरात चार कागद आहेत. उद्या नेले कोणी तर मला आठ दिवस समजायचं नाय. बियाणं गेलं तर?”

भाकरी निखाऱ्यावर टेकवून ती म्हणाली, “ती सून का रडते ते त्यांना कळायला पाहिजे ना, बाई. नुसती रडते म्हणून सांगून काय उपयोग?”

असं तिचं चालायचं. नवरा परदेशी गेलाय हे तिने सांगितलं तेव्हा देशाचं नाव घेतलंच नाही. म्हणाली, तो कामाला एवढा लांब गेलाय की होळीला माघारी यायला निघाला तर पोचेपर्यंत पुढची पेरणी होईल. सगळ्यांनी माना हलवल्या. पाड्यावरच्या घराघरातलं कोणी ना कोणी दिवाळीनंतर कामासाठी भिवंडी-ठाण्याला जाणारं, होळीला परतणारं. लांब म्हणजे किती लांब हे त्यांना लगेच कळलं. आणि मालिकेत ते सगळ्यांचे चेहरे एकामागोमाग दाखवतात ना, धाडधाड संगीत वाजवत, तेव्हा आया सांगायची, “आता सगळे एकमेकांकडे बघतात. बघू द्या त्यांना,” आणि तेवढ्यात चुलीतलं लाकूड पुढे सरकवून यायची. जाहिरातीही ती सोडायची नाही. साबणाच्या जाहिरातीत एक बाई शर्ट उन्हात धरून गोल गोल फिरत होती. आया म्हणाली, “ही खूश आहे. शर्ट धुतला तिने.” लोक पोट धरून हसले, आणि ती मात्र गंभीर.

हे मराठी तू कुठे शिकलीस, असं मी तिला विचारलं होतं. ती लहानपणी आई-बापाबरोबर वीटभट्टीवर गेली, मग लग्नानंतर ठाण्याकडे इमारतींच्या कामावर. तिथे एका वॉचमनच्या खोलीत टीव्ही होता. काम सुटलं की ही दारात उभी राहून बघायची. आत बसायला कोणी सांगितलं नाही, आणि हाकललंही नाही. दुकानात मराठी बोलायला गेली की दुकानदार तिच्या बोलण्याची नक्कल करायचा. “मग मी बोलायचीच नाय. ऐकायची,” ती म्हणाली. “चार वर्षं ऐकलं. मग एके दिवशी बोलले तर त्याचं तोंड उघडंच राहिलं.” पावसाळ्यात पाड्यावर परत आली की मुंबईकडे काय काय पाहिलं ते बायकांना सांगायची. सांगायची सवय तिथून लागली. शाळेत ती एक दिवसही गेली नव्हती.

मी वर्गात आयासारखं करून बघायला लागले. पहिल्यांदा मुलांनाच त्यांचे शब्द विचारायची. बेडकाला काय म्हणता, ढेकळाला काय म्हणता, आत्याला काय म्हणता. माझे उच्चार ऐकून मुलं हसायची. हसली म्हणजे बोलायला लागली. ठाण्याच्या दुकानदाराने आयाची केली तशी माझी नक्कल ती करायची, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

पुस्तकात समुद्राचा एक धडा होता. मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. खरं म्हणजे आमचा जिल्हा समुद्रकाठचा, पण डोंगरावरच्या मुलाला त्याचा काय उपयोग? मी फळ्यावर निळ्या खडूने लाटा काढल्या, तर एक जण म्हणाला, साप. शेवटी मी आयाला शाळेत बोलावलं. ती दारात थबकली. पायातल्या चपला काढल्या, पदर नीट केला आणि विचारलं, “आत येऊ?” मी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर मुलांच्यात बसली.

“आवणाच्या वेळी, भात लावताना, आपलं खाचर भरतं,” ती मुलांना त्यांच्या बोलीत म्हणाली. “पलीकडचा बांध दिसतो का?”

“दिसतो!”

“आता तो बांध काढून टाका. त्याच्या पलीकडचं खाचर, त्याच्या पलीकडचं, सगळ्यांचे बांध काढून टाका. डोंगर काढून टाका. सूर्यमाळ काढून टाका.” एकेक गोष्ट ती हाताने उचलून बाजूला ठेवत होती. मुलं डोळे मोठे करून तिच्या हाताकडे बघत होती. “आता काय उरलं?”

“पाणी,” एक मुलगी कुजबुजली. तीच, करंगळीवाली.

“तो समुद्र,” आया म्हणाली.

मग एका पोराने विचारलं, “मग भात कुठं लावतात?” आणि जो गलका उठला तो मला थांबवता आला नाही. मी थांबवायचा प्रयत्नही केला नाही. मी पाच वर्षं शिकून डी.एड. आणि पुढची पदवी घेतली होती, पण धडा शिकवणं म्हणजे काय ते मी त्या दुपारी मागच्या भिंतीला टेकून पाहिलं.

नवरात्राच्या तोंडावर परतीच्या पावसात एका संध्याकाळी वीज पडली. आमच्या घरावर नाही, मागच्या मोहाच्या झाडावर. पण टीव्हीच्या डब्यातून धूर निघाला, पडद्यावर एक पांढरी रेघ आली आणि सगळं काळं झालं. सून त्या वेळी नेमकी एका खोलीत कोंडलेली होती. आयाने फोनवर मुलाला कळवलं. फोन लावायलाही टेकडीवर जावं लागे, तिथे एका दगडावर उभं राहिलं तरच आवाज जायचा. मुलगा म्हणाला, दिवाळीला सुट्टी नाही, होळीला येईन तेव्हा दुसरा आणतो. मोखाड्याच्या दुरुस्तीवाल्याने जळलेला टीव्ही उघडून पाहिला आणि तसाच बंद करून दिला.

दुसऱ्या दिवशी साडेसात वाजता माणसं आली. मला वाटलं, सवयीने आली, आता थोड्या गप्पा मारून जातील. ती नेहमीसारखी बसली. फळीवर काळा टीव्ही तसाच होता. आया आपल्या जागेवर भिंतीला टेकून बसली.

मग म्हातारबाबांनी विचारलं, “काल सुनेला कोंडलं होतं. दार उघडलं का?”

आयाने बाबांकडे पाहिलं. मग मान तिरकी करून फळीवरच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं. पुन्हा लोकांकडे वळली.

“उघडलं,” ती म्हणाली.

आणि तिने सांगायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून होळीपर्यंत, पाचएक महिने, आया रोज संध्याकाळी अर्धा तास मालिका सांगत होती. मी अतिशयोक्ती करत नाही. दार मोलकरणीने उघडलं. सून मुलाला पाठीशी बांधून बंगल्यातून निघाली. खऱ्या मालिकेतल्या सुनेला मूलच नव्हतं, पण आयाने ते कधी आणलं आणि आम्ही सगळ्यांनी कधी मान्य केलं ते कळलंही नाही. सून शहरात इमारतीच्या कामाला लागली. डोक्यावर विटा घेऊन फळीवरून वर चढताना पाय कसा ठेवायचा, हे सांगताना आया उठून उभी राहिली आणि चालून दाखवलं. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांनी ते काम केलेलं. कोणी म्हणालं, “फळी ओली असली तर?” आया म्हणाली, “उद्या ओली असेल.” आणि दुसऱ्या दिवशी फळी खरंच ओली होती. मधोमध ती थांबायची, पाणी प्यायला उठायची, आणि तेवढ्या वेळात मागच्या दोघी बायका साबणाची जाहिरात करायच्या, एक जण शर्ट धरून गोल फिरायची.

माझी गंमत अशी झाली होती की शनिवारी जव्हारला गेले की आईबरोबर खरी मालिका बघायची, आणि सोमवारी पाड्यावर येऊन आयाची ऐकायची. दोन्हीकडची सून एकच, पण जव्हारची सून अजून त्याच खोलीच्या बाहेर उभी राहून रडत होती. दोन महिन्यांत तिने नुसत्या चार साड्या बदलल्या. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, “आया, मी परवा घरी पाहिलं. खऱ्या मालिकेत काय झालं सांगू का?”

“नको,” ती पटकन म्हणाली. “मी तिला कुठून कुठपर्यंत आणली. आता कोणी मागं ओढायची नाय.”

ऐकणाऱ्यांत एक मुलगी होती, वीस-एकवीस वर्षांची. नवऱ्याचं घर सोडून पावसाळ्यात माहेरी आलेली. दहावी झालेली होती. ती सगळ्यांत मागे, दाराच्या आडोशाला बसायची आणि गोष्ट संपली की सगळ्यांच्या आधी उठून जायची. विहिरीवर बायका मालिकेवर बोलायच्या, सासूला काय शिक्षा व्हावी यावर भांडायच्या, तेव्हाही ती हंडा भरून निघून जायची. आया तिच्याकडे कधी बघत नसे. पण गोष्टीतली सून एकदा कामावरून दमून आली आणि लोक तिला म्हणाले, ‘नवऱ्याचं घर सोडून आलीस, आता कोण विचारणार?’ तेव्हा आयाने तिच्या तोंडी काहीच उत्तर घातलं नाही. सुनेने नुसती चूल पेटवली. त्या दिवशी ती मुलगी इतरांबरोबर उशिराने उठली.

होळीच्या आठवडाभर आधी मुलाचा फोन आला. टीव्ही घेतलाय, शनिवारी घेऊन येतो. आया टेकडीवरून खाली आली ती विचारात. सकाळी नागली पाखडताना स्वतःशी पुटपुटत होती. मी विचारलं, काय झालं?

“चार दिवस राहिले,” ती म्हणाली. “आटपायला पाहिजे. अर्धी ठेवून कशी चालेल?”

तीन दिवस तिने सासूला चालवलं. सासू म्हातारी झाली होती, बंगल्यात एकटी पडली होती, आणि आता माहेरी परतलेल्या सुनेला शोधत तिच्या पाड्याकडे निघाली होती. जन्मात गाडीशिवाय कुठे गेली नाही, तिच्या पायांना फोड आले. तिची चढण, तिचा ओढा, तिने वाट विचारली ती माणसं, सगळं आलं. ज्या सासूला पावसाळ्यापासून शिव्या घातल्या तिच्या फोडांसाठी बायका हळहळायला लागल्या. चौथ्या दिवशी सासू दारात पोचली. सून अंगणात भात झोडत होती.

“आधी पाणी दे तिला!” म्हातारबाबा ओरडले. “मग बोल काय बोलायचं ते.”

“दिलं,” आया म्हणाली.

सासू पाणी प्यायली. मग तिने लुगड्याच्या गाठीतून बियाणं काढून सुनेपुढे ठेवलं. तेच, चोरलेलं. आषाढात आयाने कागदाचं बियाणं केलं होतं, ते मी विसरले होते, ती विसरली नव्हती. सासू म्हणाली, माझं चुकलं, घरी चल.

आया थांबली. पाण्यालाही उठली नाही.

“सून म्हणाली, आज नाय. भात झोडून होऊ दे. मग माझं मी ठरवीन.”

मग बाबा म्हणाले, “बरोबर आहे. भात टाकून कशी जाईल?” आणि सगळे एकदम बोलायला लागले. मी मागे वळून पाहिलं. ती मुलगी दाराच्या आडोशाला बसून होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली. “बाई, बारावीला बाहेरून बसता येतं का?” तिने विचारलं. मी फॉर्म आणून दिला. पहिल्या वर्षी तिचे दोन विषय राहिले, दुसऱ्या वर्षी सुटले. आता ती पलीकडच्या पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. तिने नवऱ्याकडे परत जायचं ठरवलं नाही, किंवा न जायचं ठरवलं, ते तिचं तिला ठाऊक. मी आयाला होळीच्या आठवड्यात विचारलं होतं, “ती गोष्ट तू तिच्यासाठी सांगत होतीस ना?”

“तिच्यासाठी सांगितली असती तर ती पहिल्याच दिवशी उठून गेली असती,” आया म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

शनिवारी नवा टीव्ही आला. जुन्यापेक्षा मोठा. मी त्या शनिवारी जव्हारला गेलेच नाही. फळीवर तो मावेना म्हणून आणखी एक फळी ठोकली. साडेसातला सगळा पाडा जमला. संगीत सुरू झालं, बंगला दिसला, आणि जिन्यावरून सून खाली उतरली. रेशमी साडी, केसांत गजरा, हातात पूजेचं ताट.

मागच्या बायका गुडघ्यांवर उठून बघायला लागल्या.

“ही परत का गेली?” एक बाई म्हणाली.

“भात झोडून झाला का हिचा?” दुसरी.

म्हातारबाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग पडद्यावरच्या लोकांची कीव आल्यासारखं म्हणाले, “ह्यांना ठाऊकच नाय.”

आता आया काय करणार? पाच महिन्यांत तिने रचलेलं सगळं खोटं होतं असं म्हणणार, की गप्प बसणार? आयाने मान तिरकी करून सुनेकडे नीट निरखून पाहिलं. मालिकेत पुढे चेहरे दाखवणं चाललं होतं. मग ती लोकांकडे वळली.

“ही ती नाय,” ती शांतपणे म्हणाली. “आपली सून माहेरी आहे, सुखी आहे. ही तिच्यासारखी दिसते. हिचं अजून सगळं व्हायचं आहे.”

लोकांनी सुस्कारा सोडला. बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. “मग सांग,” ते म्हणाले. आणि आयाने नव्या सुनेची गोष्ट पहिल्यापासून घेतली.

मी त्या पाड्यावर सहा वर्षं होते. नंतर बदली झाली, आता जव्हारजवळच्या शाळेत आहे, शिरपामाळाच्या रस्त्यावर. पहिलीची मुलं अजूनही माझ्याकडेच देतात. मी त्यांच्या बोलीत बोलते तेव्हा नवे शिक्षक विचारतात, हे प्रशिक्षण कुठे झालं तुमचं? मी पाड्याचं नाव सांगते. त्यांना वाटतं, तिथे शिबिर झालं असेल.

पाड्यावर आता टॉवर आहे. टेकडीवरच्या दगडावर कोणाला चढावं लागत नाही. घरोघरी टीव्ही आहेत, आणि टीव्हीपेक्षा फोन जास्त. म्हातारबाबा गेले. मध्यंतरी दिवाळीच्या सुट्टीत मी आयाला भेटायला गेले. ती ओट्यावर बसली होती, शेजारच्या तिघी बायका जवळ, आणि मधे तांदळाच्या डब्याला टेकवून नातीचा फोन ठेवलेला. त्यावर हिंदीत केलेली एक कोरियन मालिका चालू होती. आयाने मला हात धरून जवळ बसवलं, पण सांगणं थांबवलं नाही. मी ऐकत राहिले. प्रसंग संपला तेव्हा ती माझ्याकडे वळली.

“ही माणसं कुठली आहेत, बाई?”

मी सांगितलं, लांबची आहेत, समुद्रापलीकडची.

“दारात चपला काढतात,” ती म्हणाली. “जमिनीवर बसतात. तीन वेळा भात खातात. म्हाताऱ्या माणसाला वाकून नमस्कार करतात.” तिने थोडा विचार केला. “त्या बंगलेवाल्यांपेक्षा ह्यांचं सांगायला सोपं जातं. फार बदलावं नाय लागत.”

शेजारची बाई म्हणाली, “आया, पुढं लाव ना.” नातीने फोनवर बोट फिरवलं. फाट्यावर माझी शेवटची एसटी होती, पण मालिकेच्या त्या भागात एका म्हाताऱ्या बापाने लेकीला न सांगता तिचं घर विकायला काढलं होतं, आणि ते घर आयाच्या तोंडून काय होतंय ते मला ऐकायचं होतं. मी पिशवी बाजूला ठेवली आणि मांडी घालून नीट बसले.